आंटींचं ताट: मुलांसोबत, न भाजता न तळता केलेला नाताळचा खाऊ

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

आमच्या गल्लीत (शहापूर, बेळगाव) दरवर्षी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी शेजारच्या ख्रिस्ती आंटींच्या घरून ताटं निघतात. नेवऱ्या (करंज्या), कलकल (मैद्याच्या तळलेल्या गोड गुंडाळ्या), दोदोलाची (तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेली) वडी, एखादा केकचा तुकडा, वर क्रोशाचा रुमाल. दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे फराळ पाठवतो, नाताळात त्या आमच्याकडे. मी लग्न होऊन इथं आले तेव्हापासून हे असंच चालू आहे.

यंदा ऑक्टोबरमध्ये आंटी अंगणात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालंय, पण हातात ताकद नाही. दोदोल तासन्‌तास ढवळायचा असतो, ते आता शक्य नाही. काल माझी लेक भांडी लावता लावता म्हणाली, "आई, हे ताट आंटींचं आहे ना?" उलटून बघितलं तर खाली नाव कोरलेलं. गेल्या नाताळचं ताट वर्षभर आमच्याच फळीवर राहिलं होतं. ताट रिकामं परत करायचं नाही, हे पोरीला माहीत आहे. तिथूनच ते ताट मुलांच्या हातानं भरून परत द्यायचं काम निघालं.

गल्लीतली नऊ मुलं तयार झाली, सात घरांतली. धाकटी चार वर्षांची, थोरला बारा वर्षांचा. चौघं मराठी शाळेत, तिघं कन्नड, दोघं इंग्रजी. मी आधीच ठरवून टाकलं की मुलं शेगडीजवळ येणार नाहीत. काही वितळवायचं असेल तर ते मी करीन, बाकी सगळं त्यांच्या हातानं. म्हणजे तळण नाही, भाजणं नाही, पाक नाही. कच्चं अंडं आणि कच्चा मैदाही नाही, कारण मुलं काम करता करता बोटं चाटणारच.

सातही घरी जाऊन कुणाला काय चालत नाही ते विचारून आले. एकाला शेंगदाण्यानं अंगावर गांधी उठतात हे मला सहा वर्षांच्या शेजारात माहीत नव्हतं. शेंगदाणा पूर्ण बंद. काजू-नारळाचं त्याच्या आईनं चालतं म्हणून सांगितलं, तरी परत विचारून खात्री केली. घरटी २५० रुपये काढले, एकूण १,७५०.

६ डिसेंबर, शनिवार

पहिला प्रयोग नारळाच्या लाडवांचा, पांढरे, बर्फाच्या गोळ्यासारखे. मी तीन ओले नारळ फोडले, १३५ रुपयांचे. घरचा ताजा नारळ म्हणजे उत्तमच होणार असं मी धरून चालले. खवला, त्यात कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (४०० ग्रॅमचा, दीडशे रुपये) घातला, कालवला आणि परात मुलांसमोर ठेवली.

लाडू वळलाच नाही. ओल्या खोबऱ्यातच इतकं पाणी असतं की ते आणखी दूध ओढून घेत नाही. मिश्रण खिरीसारखं झालं. सहा वर्षांचा दोन्ही तळवे दाखवत ओरडला, "मावशी, हे हाताला चिकटूलालंय!" बारा वर्षांच्यानं लाडू वळून ताटात ठेवला, तर बघता बघता त्याची थालीपिठासारखी चकती झाली.

मी मिश्रण फ्रिजमध्ये ठेवलं, दोन तासांनी पुन्हा प्रयत्न केला. थोडं घट्ट झालं, बाहेर काढल्यावर पुन्हा सैल. मुलं हिरमुसून घरी गेली. हेच मिश्रण मी मंद आचेवर आटवलं असतं तर वड्या झाल्या असत्या, पण मग तो मुलांचा खाऊ राहिला नसता, माझा झाला असता. तसंच डब्यात भरून ठेवलं.

(८ डिसेंबरची भर: ते तिसऱ्या दिवशी आंबलं. फेकून दिलं. शेगडीवर न चढलेलं ओलं खोबरं टिकत नाही. दोन आठवडे आधीपासून तयारी करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.)

७ डिसेंबर, रविवार

सकाळी सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस आणला. इथं दुकानात डेसिकेटेड म्हणूनच मागायचा, नाहीतर कोल्हापुरी मसाल्याला लागतो तो तेलकट जाड कीस हातात ठेवतात.

जमलेलं प्रमाण: एका ४०० ग्रॅमच्या डब्याला २८० ग्रॅम कीस, शिवाय वरून घोळवायला मूठभर. चिमूटभर मीठ, अर्धा चमचा वेलचीपूड. कालवलं, आणि कालची चूक आठवून लगेच वळायला दिलं नाही. झाकून अर्धा तास ठेवलं. एवढ्या वेळात कोरडं खोबरं दूध पिऊन फुगतं, आणि तेच मिश्रण हाताला न चिकटता वळतं. ही अर्ध्या तासाची थांबणूकच सगळ्यात महत्त्वाची. पण मुलांना थांबवणं कठीण, म्हणून त्या वेळात नखं कापणं, कोपरापर्यंत हात धुणं, केस बांधणं ही कामं घातली.

लाडू लहानमोठे होऊ लागले तेव्हा औषधाबरोबर येतं तसलं एक प्लास्टिकचं मोजपात्र दिलं. १५ मिलीच्या खुणेपर्यंत भरायचं आणि ताटात उपडं करायचं. धाकटीनं फक्त हेच काम केलं, दीड तास न कंटाळता. ४४ लाडू झाले.

खाण्याबद्दल एक युक्ती इथं सापडली. "खाऊ नका" म्हणून काही उपयोग नव्हता. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येकाच्या नावाची वाटी मांडली आणि पहिले दोन-दोन लाडू तिथं ठेवले. ते काम संपल्यावर आपले. त्यानंतर परातीतलं कुणी तोंडात घातलं नाही. शेजारच्या कन्नड शाळेतल्या पोरीनं मात्र आपली वाटी संपवून माझ्याकडे बघत "इन्नू बेकु" (अजून हवा) म्हटलं, आणि मी दिला.

११ डिसेंबर, गुरुवार

फक्त खरेदी. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावात चालू असल्यामुळे गाड्या वळवलेल्या, रविवार पेठेत जाऊन यायला तीन तास गेले. डार्क कंपाउंड चॉकलेटच्या ४०० ग्रॅमच्या तीन लाद्या प्रत्येकी १९०, बटर, मारी बिस्किटांचे सहा पुडे, आयसिंग शुगर, बटर पेपर. काजू तुकडा पाऊण किलो ६०० रुपये. अख्खा काजू घेऊ नका, दळायचाच आहे. चंदगडकडचा तुकडा आपल्याकडे सहज मिळतो आणि चवीत काडीचा फरक नसतो.

कंपाउंड का घेतलं ते लिहून ठेवते. खऱ्या चॉकलेटात कोको बटर असतं. ते वितळवून पुन्हा नीट गोठवायचं तर तापमान सांभाळावं लागतं, नाहीतर वर पांढरट डाग पडतात. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, ते नुसतं वितळवलं तरी सरळ गोठतं. चव थोडी उणी, पण मुलांच्या कामाला हेच बरं.

१३ डिसेंबर, शनिवार

आजचा दिवस वाईट सुरू झाला. चॉकलेट आणि बिस्किटांचा रोल करायचा होता. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यावर चॉकलेटचं भांडं. भांडं पातेल्यापेक्षा लहान होतं, त्यामुळे कडेनं वाफ वर येत होती. त्यात मी वर झाकण ठेवलं. झाकणाला धरलेलं पाणी चॉकलेटमध्ये ठिबकलं आणि दोन मिनिटांत गुळगुळीत चॉकलेटचा मातीसारखा ढेकूळ झाला. ढवळावं तितकं कोरडं होत गेलं.

पाण्याचे दोन-चार थेंब पुरतात. वितळलेल्या चॉकलेटात साखर आणि कोकोचे कण चरबीत सुटे तरंगत असतात. थोडंसं पाणी मिळालं की साखर ओली होते, कण एकमेकांना धरतात. मात्र पाणी भरपूर असेल तर ते कण पुन्हा सुटतात. हे आठवलं म्हणून फेकून देण्याआधी दीडशे मिली कढत दूध आणि ५० ग्रॅम बटर एकदम ओतलं आणि जोरात घोटलं. पाच मिनिटांत चकचकीत दाट सॉस झाला. १९० रुपये वाचले.

आता हाच सॉस घेऊन पुढं जायचं ठरवलं. बिस्किटं फोडणं हे मुलांचं सगळ्यात आवडतं काम. जाड पिशवीत बिस्किटं, वरून लाटणं. खटखट इतकी झाली की पलीकडचे कापडाचे माग चालवणारे काका डोकावून गेले. चूक अशी की मी "फोडा" एवढंच सांगितलं, आणि धाकट्यांनी एका पुड्याचा भुगा करून टाकला. नुसत्या भुग्याचा रोल कापल्यावर आतून एकसारखा काळा दिसतो, दाताखाली काही येत नाही. पांढरट तुकड्यांची नक्षी हवी तर अर्धी बिस्किटं हातानं मोडलेली पाहिजेत, नखाएवढी. मोठ्या मुलांना हातानं मोडायला बसवलं, लाटणं धाकट्यांकडे राहिलं. एकूण साडेतीनशे ग्रॅम बिस्किटं लागली.

कालवून पंधरा मिनिटं थंड होऊ दिलं, मग बटर पेपरवर काढून गुंडाळलं. मुलांना पेपरच्या बाहेरूनच दाबायला सांगायचं. उघड्या हातानं वळलं तर हाताच्या उबेनं चॉकलेट सुटतं आणि भिंतींपर्यंत पोचतं. दोन्ही टोकं लिमलेटच्या गोळीसारखी पिळायची. दोन रोल फ्रिजमध्ये.

१४ डिसेंबर, रविवार

कालचे रोल कापले, मऊ, सुरेख. तरी मला वाटलं की ही चुकून झालेली गोष्ट, आज "बरोबर" करू. भांडं पातेल्याच्या तोंडापेक्षा मोठं घेतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, पाणी तापल्यावर गॅस बंद करून मगच वर ठेवलं, झाकण नाही. चॉकलेट आरशासारखं वितळलं. बटर आणि बिस्किटं घालून रोल केला, दूध घातलं नाही.

चार तासांनी तो दगड झाला होता. सुरी लावली की चकती न पडता फुटायची. पाट्यावर आपटून खाल्ला मुलांनी. म्हणजे चुकीतून वाचवलेलाच रोल खरा. आता कृतीच तशी लिहिते: चॉकलेट कोरडं वितळवा, मग कढत दूध थेंब थेंब नव्हे, सगळं एकदम ओता. मध्येच चॉकलेट घट्ट झाल्यासारखं वाटेल, तेव्हा घाबरून हात थांबवू नका.

कापताना फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवायचं, सुरी गरम पाण्यात बुडवून पूर्ण पुसायची. कापणं माझ्याकडे. चकत्यांवर पिठीसाखर भुरभुरणं चार वर्षांच्या धाकटीकडे, चहाच्या गाळणीतून.

दुधामुळे हा रोल फ्रिजमध्येच ठेवावा लागतो, आणि आम्ही चार दिवसांपलीकडे ठेवला नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

काजूचं मार्झिपान, म्हणजे काजूपूड आणि बारीक साखर मळून केलेला गोळा. मुलं शाळेत असताना दळण करून ठेवावं म्हणून दुपारी बसले. पहिले १०० ग्रॅम मिक्सरमध्ये घातले आणि बटण दाबून धरलं. भांडं तापलं, काजूला तेल सुटलं, पातळ लोणी झालं. ८० रुपये तिथं गेले. (ते भाजीच्या रश्शात घातलं, त्या अर्थानं वाया नाही, पण या कामातून गेलं.) नंतर मूठ-मूठ घालून, बटण दाबायचं-सोडायचं करत दळलं, प्रत्येक वेळी चाळलं आणि चाळ पुन्हा मिक्सरमध्ये टाकला. दोनशे ग्रॅमला चाळीस मिनिटं लागली. घाई करणाऱ्यांनी हे काम आदल्या दिवशी करावं.

आयसिंग शुगर आणलेली होती, तरी साखर घरीच दळलेली घातली. मिश्रण मळल्यावर दाताखाली कचकच लागली. पाकात न शिजवता करायचं तर आयसिंग शुगरच हवी, ती पिठासारखी बारीक असते. पुढच्या वेळेपासून २०० ग्रॅम काजूपुडीला १५० ग्रॅम आयसिंग शुगर आणि एक ते दीड चमचा गुलाबपाणी. गुलाबपाणी अक्षरशः थेंबांनी घालायचं. पुरणासारखं सैल झालं तर थोडी काजूपूड बाजूला ठेवलेली असावी.

रंगासाठी बिटाचा रस घातला, तो चुकला. गोळा गुलाबी झाला पण ओला होऊन पसरला. पिवळ्याला चिमूटभर हळद चालते, चव लागत नाही. लाल-हिरव्याला काडीच्या टोकावर मावेल एवढा जेलचा रंग.

संध्याकाळी मुलांच्या हातात गोळे दिले. माझ्याकडे तारा आणि घंटा असे साचे होते. कुणी हात लावला नाही. बेंदराला मातीचे बैल करणाऱ्या मुलांच्या हातात मळलेला गोळा आला की काय होणार! पंधरा मिनिटांत परातीत सात बैल. थोरला म्हणाला, "मावशी, गव्हाणीत बैल लागतोच की." खरंच आहे. आंटी दरवर्षी ओसरीत येशूच्या जन्माचा, गव्हाणीचा देखावा मांडतात, त्यात गुरं असतातच. शिंगं आणि वशिंड वेगळं करून चिकटवलेलं लगेच गळून पडायचं. टूथपिक घालायला मी नको म्हटलं, खाताना मुलाच्या घशात जायची भीती. शेवटी आठवीत गेल्यासारखं बोलणाऱ्या पाचवीतल्या पोरीनं उत्तर काढलं. शिंगं चिकटवायची नाहीत, डोक्याच्या गोळ्यातूनच चिमटीनं ओढून काढायची.

२० डिसेंबर, शनिवार

आठ वर्षांच्या मुलाचा प्रश्न: "बेळगावात राहतो आणि कुंदा कसा नाही?" बरोबर प्रश्न होता. कुंदा ही बेळगावची दूध आटवून केलेली मिठाई, ती आधीच तयार असते, शेगडी लागतच नाही. अर्धा किलो आणला, ४८० रुपये किलोचा.

नुसते गोळे वळले तर तूप सुटून तळवे तुपकट, आणि ताटात गोळे बसले. मारी बिस्किटाची पूड घालत गेलो. ५० ग्रॅमला काही फरक नाही, १०० ग्रॅमला गोळा उभा राहिला. दीडशेचा करून बघितला तर कुंद्याची चव गेली. म्हणून अर्ध्या किलोला १००, आणि वीस मिनिटं झाकून ठेवणं. आत काजूचा तुकडा, बाहेर खोबऱ्याचा कीस. धाकटीच्या वाट्याच्या गोळ्यांत काजू बारीक चुरून घातला, चार-पाच वर्षांच्या मुलांना अख्खा किंवा मोठा तुकडा देऊ नये.

फ्रिजमध्ये ठेवलेले घट्ट आणि मुके लागले. बाहेर तासभर ठेवल्यावर कुंद्याचा खमंग वास परत आला. सगळ्या प्रकारांत मला स्वतःला हा सगळ्यात जास्त आवडला.

२१ डिसेंबर, रविवार

आज सगळ्याचा एकेक नमुना घेऊन मी आणि लेक आंटींकडे गेलो. ताटाचं गुपित ठेवायचं होतं, म्हणून मी "मुलं खेळत होती, चव बघा" एवढंच म्हटलं.

आंटींनी लाडू चाखला, म्हणाल्या, "गोड जास्त झालं गो बाय, जायफळ घाल थोडं." रोलबद्दल काही बोलल्या नाहीत, पण दुसरी चकती उचलली. मार्झिपानचा तुकडा बोटांत धरून बराच वेळ दाबत राहिल्या. मग डाव्या हातानं ड्रॉवरमधून एक काटा काढला. जुना, जड, एका बाजूचा दात किंचित वाकलेला. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर ठेवली, अंगठ्यानं दाबत खाली ओढली आणि गुंडाळली. हुबेहूब कलकल. "आमी पोरां आसताना," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे हेंच काम असायचं. मोठी माणसं तळायची, आमी फणीवर नाहीतर काट्यावर वळायचो."

मी इतके दिवस नवे प्रकार शोधत होते. नाताळच्या खाऊतलं मुलांचं काम ठरलेलंच होतं, मला ते माहीत नव्हतं. कलकल मैद्याचे आणि तळलेले असतात म्हणून मी पहिल्याच दिवशी ते यादीतून काढले होते.

घरी येऊन उरलेल्या काजूच्या गोळ्यावर करून बघितलं. काट्याला खाली आयसिंग शुगर चोळावी लागते, नाहीतर रेघा चिकटून फाटतात. गोळी फार जाड घेतली तर गुंडाळत नाही. पाच ग्रॅमची हवी. लेकीनं पहिले दहा बिघडवले, अकरावा नीट आला.

२२ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी शेवटच्या फेरीचे नारळाचे ४५ लाडू केले, जायफळ घालून, आणि कीस वीस ग्रॅम वाढवून. फ्रिज भरलेला म्हणून ताट ओट्यावर, वर जाळी. थंडी आहे, न्हाणीघरातल्या खोबरेल तेलाची बाटली गोठलेली आहे, म्हणजे स्वयंपाकघर २४ अंशांच्या खालीच असणार. रात्रीत काही बिघडणार नाही असा माझा हिशेब होता.

रात्री अकराला दिवे गेले. पहाटे आले तेव्हा बघते तर ताटाभोवती मुंग्यांची रांग. १८ लाडू टाकावे लागले. परातीत पाणी घालून मधोमध वाटी आणि वाटीवर ताट, हे आईच्या घरी रोज बघितलेलं. ऐन वेळी केलं नाही. लेक शाळेत जाताना रडली. तिनं ते लाडू एकटीनं वळले होते.

२३ डिसेंबर, मंगळवार

मुलांची शाळा सुटल्यापासून रात्री साडेआठपर्यंत. वेळ लिहून ठेवते, पुढच्याला अंदाज यावा म्हणून: नारळाचे आणखी ४४ लाडू, सव्वा तास. कुंद्याचे एक किलोचे ५८ गोळे, एक तास. चॉकलेटचे दोन रोल, कालवून गुंडाळेपर्यंत पाऊण तास. कलकल ४०० ग्रॅम काजूचे, दोन तास आणि तरी दहा-वीस राहिले, ते मी रात्री केले.

नऊ मुलं एका परातीभोवती बसली की धक्काबुक्की होते. तीन-तीनच्या तीन चटया घातल्या, दर अर्ध्या तासानं चटई बदल. हे आज सुचलं, पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. काटे सहाच होते, म्हणून तिघांनी नव्या कोऱ्या फण्यांवर वळले. फणीवरच्या रेघा जास्त बारीक आणि सुबक येतात.

२४ डिसेंबर, बुधवार

सकाळी रोल कापले, दुपारी भरणं. अकरा डबे आणि आंटींचं ताट. खोबऱ्याचा कीस चॉकलेटला चिकटतो, म्हणून मध्ये बटर पेपरची पट्टी. कलकल कोरडे राहायला हवेत, त्यांना वेगळी कागदी वाटी. प्रत्येकाला पाच लाडू, तीन चकत्या, चार कुंद्याचे गोळे, आठ कलकल.

चिठ्ठ्या मुलांनी लिहिल्या. निम्म्यांवर "नाताळच्या शुभेच्छा", निम्म्यांवर कन्नडमध्ये "क्रिसमस हब्बद शुभाशयगळु". कुठल्या घरी कुठली जाईल याचा विचार कुणी केला नाही, मीही केला नाही.

आंटींच्या ताटात सगळ्याच्या मध्ये एक बैल. सातांपैकी सहा वाळून तडकले होते, हा एकच धड राहिला. (मार्झिपानच्या मूर्ती आठवडाभर आधी करायच्या असतील तर हवाबंद डब्यात ठेवाव्यात, उघड्या नकोत.) वरून माझ्या सासूबाईंचा क्रोशाचा रुमाल.

सात वाजता नऊ मुलं ताट घेऊन गेली. ताट थोरल्यानं धरलं होतं आणि आठ हात त्याला लागलेले होते. आंटी कॅम्पात फातिमा कॅथेड्रलला मध्यरात्रीच्या मिसाला (नाताळच्या प्रार्थनेला) जाण्यासाठी लवकर आवरून बसल्या होत्या. रुमाल बाजूला केला, बैल उचलला, मग ताट थोडं उचलून खालचं नाव वाचलं. "हें माझंच," म्हणाल्या. मुलांना आत बोलावून गव्हाणीत जागा दाखवली. बैल मेंढरांच्या मागे उभा राहिला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

हिशेब. नारळ १३५, कंडेन्स्ड मिल्कचे चार डबे ६००, कीस एक किलो ३२०, चॉकलेट ५७०, बिस्किटं २१०, बटर १२०, काजू ६००, आयसिंग शुगर ७०, कुंदा दीड किलो ७२०, डबे-कागद-रंग २४०. एकूण ३,५८५. जमा १,७५०, म्हणजे १,८३५ मी घातले. प्रयोगाच्या फेऱ्या वगळल्या आणि ओला नारळ आणला नसता तर बरंच कमी झालं असतं. पुढच्या वर्षी कुंदा कमी आणि कलकल जास्त, खर्च तिथंच उतरेल.

आज सकाळी ताट परत आलं. त्यात चार केळी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो जुना काटा. लेकीनं लगेच वळून बघितलं. वाकलेला दात डावीकडे आला तर रेघ तुटते, उजवीकडे धरला तर साफ येते.